बघणाऱ्यांचं काय?

‘न्यूनगंड हा तुमच्या मनाचा खेळ आहे. जग तुमच्याकडे बघत नाहीये, ज्याला त्याला आपापलं पडलंय. आरशासमोर उभे राहा, स्वतःवर प्रेम करा, उद्यापासून तुम्ही वेगळेच असाल.’ नगर जिल्ह्यातल्या कुठल्याही कॉलेजातला युवा सप्ताह घ्या, नाहीतर दहावी-बारावीच्या पोरांसाठी भरवलेलं शिबिर घ्या. वक्ता बदलतो, मजकूर थोड्याफार फरकाने हाच असतो. टाळ्या पडतात, शाल-श्रीफळ होतं, वक्ते पुढच्या गावाला निघतात. आणि मागच्या बाकावर बसून हे सगळं मुकाट ऐकलेली मुलगी घरी जाताना एक नवंच ओझं घेऊन जाते. आधी तिला फक्त लाज वाटत होती. आता लाज वाटते याचीही लाज वाटते, कारण तिचा दोष तिचाच आहे असं माईकवरून जाहीर झालेलं असतं.

या उपदेशाशी मला भांडायचं आहे. देणाऱ्यांच्या हेतूबद्दल शंका नाही. त्यातले पुष्कळ जण कळकळीने बोलतात. पण औषध चुकीच्या माणसाला दिलं जातंय. उपदेशाचं सार चार दाव्यांत सांगता येईल. एक, तुमच्याकडे कुणी बघत नाही. दोन, यश मिळवा, न्यूनगंड आपोआप जाईल. तीन, भाषा, पोशाख, चालणं-बोलणं सुधारा. चार, समाजाला दोष देणं ही पळवाट आहे. हे चारही दावे नगर जिल्ह्याच्या मातीत उभे करून पाहू, टिकतात का ते.

पहिला दावा सगळ्यात भक्कम दिसतो, कारण त्याच्या पाठीशी प्रयोग आहे. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात थॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना बॅरी मॅनिलो या गायकाचं मोठं चित्र असलेला टी-शर्ट घालून इतर विद्यार्थी बसलेल्या खोलीत पाठवलं. असा शर्ट घालणं त्या वयाच्या मुलांना ओशाळवाणं वाटावं, हा हेतू होता. किती जणांच्या लक्षात आलं असेल, असं विचारल्यावर शर्ट घातलेल्यांचा अंदाज जवळपास निम्म्यांचा होता. प्रत्यक्षात सुमारे पाव जणांच्याच लक्षात आलं होतं. हा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला, आणि तेव्हापासून ‘लोक बघत नाहीत’ या वाक्याला शास्त्राचा शिक्का मिळाला.

प्रयोग खरा आहे, पण तो कुठे झाला हेही पाहायला हवं. त्या खोलीतल्या कुणाचं त्या मुलाशी काही देणंघेणं नव्हतं. त्याचं घर गावाच्या कुठल्या अंगाला आहे, त्याचा बाप कुणाच्या शेतात राबतो, त्याच्या बहिणीचं लग्न का मोडलं, यातलं काहीही तिथे चर्चेला नव्हतं. शर्ट बदलला की विषय संपत होता. आता पाथर्डी किंवा कर्जत तालुक्यातल्या दीड-दोन हजार वस्तीच्या गावात एखादं नवखं पोर पारावरून जाऊ द्या. ‘कुणाचा रं तू?’ हा पहिला प्रश्न येतो. उत्तरात आडनाव आलं की दुसरा प्रश्न विचारायची गरज उरत नाही. पुढचं सगळं गावाने आपल्या मनाशी भरून घेतलेलं असतं. हे बघणं नुसतं कुतूहलाचं नाही. त्यावरून पाणी कुठे प्यायचं, बसायचं कुठे, हसायचं किती, हे ठरत आलेलं आहे.

मुलीच्या बाबतीत तर आपल्याकडे बघण्याचा रीतसर कार्यक्रमच असतो. पोह्यांची ताटली, खाली घातलेली मान, आणि समोर पाच-सहा माणसं. लग्नाच्या बायोडेटात शिक्षण आणि पगाराच्या बरोबरीने ‘वर्ण’ असा रकाना असतो आणि त्यात गोरा, निमगोरा, सावळा यांपैकी एक शब्द लिहावा लागतो. ‘निमगोरा’ हा शब्द घराघरांत किती विचार करून लिहिला जातो, हे मुलींच्या आयांना विचारा. ‘फेअर अँड लव्हली’ या क्रीमची विक्री भारतात १९७५ साली सुरू झाली; जगभर टीका झाल्यावर कंपनीने २०२० मध्ये नावातलं ‘फेअर’ काढून टाकलं. कंपनीला जे पंचेचाळीस वर्षांनी का होईना उमजलं, ते बायोडेटाच्या रकान्याला अजून उमजलेलं नाही. अशा घरातल्या मुलीला ‘तुझ्या रंगाकडे कुणी बघत नाही’ असं सांगणं म्हणजे तिच्या तोंडावर खोटं बोलणं आहे, आणि ते खोटं आहे हे तिला सांगणाऱ्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं.

नागराज मंजुळे यांनी नगरच्या न्यू आर्ट्स महाविद्यालयात संज्ञापनाचं शिक्षण घेतलं. त्यांचा ‘फँड्री’ घडतो तो नगरजवळच्या अकोळनेर गावात. १४ फेब्रुवारी २०१४ रोजी तो चित्रपटगृहांत आला. कैकाडी समाजातला जब्या वर्गातल्या शालूवर जीव टाकतो, काळ्या चिमणीच्या मागे रानोमाळ हिंडतो, जीन्सची पँट मिळावी म्हणून धडपडतो. शिबिरातल्या वक्त्यांच्या भाषेत सांगायचं तर हा मुलगा स्वतःवर काम करतोय. आणि मग एक दिवस बापाबरोबर त्याला गावातली डुकरं धरायला जावं लागतं, शाळेतली मुलं बघत असताना. जब्या भिंतीआड लपतो. त्या भिंतीआडच्या मुलाला कुठला वक्ता म्हणेल, ‘बाळा, तुझ्याकडे कुणी बघत नाहीये’? सगळं गाव बघतंय, चेष्टा करतंय, मजा घेतंय. शेवटी जब्या दगड भिरकावतो तो थेट आपल्या, प्रेक्षकांच्या दिशेने. आत्मभान कसं असतं हे दाखवणारा त्याहून नेमका क्षण मराठी पडद्यावर मला आठवत नाही. दोष कुठे आहे ते त्या पोराला कळलेलं असतं. तो आरशावर दगड मारत नाही.

हा सिनेमा आहे, असं कुणी म्हणेल. चित्रपट लागून अडीच महिने होतात न होतात तोच, २८ एप्रिल २०१४ रोजी, याच जिल्ह्यातल्या जामखेड तालुक्यात खर्डा इथे सतरा वर्षांच्या एका दलित विद्यार्थ्याचा खून झाला. वरच्या समजल्या जाणाऱ्या जातीतल्या मुलीशी तो बोलतो, या रागातून त्याला मारलं, असा आरोप होता. नोव्हेंबर २०१७ मध्ये नगरच्या सत्र न्यायालयाने सगळ्या आरोपींना निर्दोष सोडलं. सरकारी पक्षाचे अनेक साक्षीदार फितूर झाले होते. कोण कुणाशी बोललं, हे गावाला बरोबर दिसतं. कुणी कुणाला मारलं हे न्यायालयात सांगायची वेळ आली, की माना खाली जातात. त्या वयाच्या एखाद्या मुलाला वर्गात हात वर करताना, कुणाशी बोलताना, अंगावर नवा शर्ट घालताना संकोच वाटत असेल, तर त्याला न्यूनगंड म्हणायचं की अक्कल? परिस्थितीचा अचूक अंदाज घेणाऱ्या मनाला आपण रोगी ठरवतो, आणि परिस्थितीला मात्र कुणी नाडी दाखवायला सांगत नाही.

दुसरा दावा यशाचा. शिका, नोकरी मिळवा, नाव कमवा, मग कोण हसतंय ते बघू. या दाव्याला सगळ्यात जड उत्तर अकोले तालुक्यातल्या धामणगावने दिलेलं आहे. दया पवार तिथे १९३५ साली जन्मले. शिकले, मुंबईत सरकारी नोकरी केली, कवी म्हणून नाव झालं. उपदेशाच्या हिशेबाने त्यांचा न्यूनगंड तिथेच संपायला हवा होता. पण १९७८ मध्ये ग्रंथालीने काढलेलं ‘बलुतं’ उघडा. पुस्तकात एकाच माणसाची दोन माणसं झालेली आहेत. एक शिकलेला, पांढरपेशा झालेला दया पवार, आणि दुसरा दगडू मारुती पवार, जो आपली कहाणी त्या पहिल्याला सांगतो. दगडू हे त्यांचंच पाळण्यातलं नाव. पोटच्या पोराला दगड, कचरा, धोंडा अशी नावं देण्याची वेळ ज्या समाजावर आणली गेली, त्या समाजातल्या मुलाने पुढे किती पदव्या घेतल्या म्हणून नावाचा तो दगड छातीवरून आपोआप उतरत नाही. यश मिळाल्यावर तर तो जास्त टोचतो, कारण आता लपवण्यासारखं काहीतरी असतं.

लपवण्याला आपल्याकडे स्वतंत्र शब्दप्रयोगच आहे: जात चोरणं. बाबुराव बागुलांच्या कथासंग्रहाच्या नावातच तो आला, ‘जेव्हा मी जात चोरली होती’, १९६३. आजही पुण्यात खोली भाड्याने घेताना आडनाव सांगायला नगरची किती मुलं अडखळतात, ते कुठल्याही वसतिगृहात बसून ऐकावं. त्या मुलांच्या हातात पदवी असते, खात्यात पगार असतो. यश आहे, संकोचही आहे.

मग दया पवारांचं ओझं हललं कशाने? त्यांनी ते सगळ्यांसमोर मांडलं तेव्हा. पण एवढंच म्हणून थांबलं तर पुन्हा शिबिराचीच गोष्ट होईल: ‘बघा, धैर्य केलं आणि जिंकले.’ धैर्य होतंच. पण ऐकणारे कान तयार झाले होते, हेही तितकंच खरं. बागुलांच्या कथा येऊन पंधरा वर्षं झाली होती, १९७२ मध्ये दलित पँथर उभी राहिली होती, त्याच वर्षी नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला होता. दगडूला बोलायला जागा होती आणि सोबत होती. तरीही आपल्याच समाजातल्या काही शिकलेल्या मंडळींनी नाराजी दाखवलीच. झाकलेलं उघडं का केलंत, असं विचारलं. त्या नाराजीवरून कळतं की लाज किती खोल रुजवलेली होती, आणि ती एकट्याने आरशासमोर उभं राहून का उपटता येत नाही.

तिसरा दावा सुधारणेचा. ‘मपलं-तुपलं’ सोडा, पाण्याला ‘पानी’ म्हणू नका, इंग्रजी बोलायला शिका, ताठ चाला. नगर शहरात सावेडीपासून केडगावपर्यंत क्लासच्या पाट्यांवर हेच आश्वासन असतं. इंग्रजी शिकायलाच हवी, त्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो तिच्या मागे उभ्या केलेल्या गृहीताबद्दल: तू आहेस तसा चालणार नाहीस, दुसऱ्यासारखा झालास तर चालशील. लाज घालवण्याचा हा उपाय लाजेलाच मान्यता देतो. वर आणखी, यातून सुटका कधी होत नाही. पुण्यात ‘न’ आणि ‘ण’ सुधारला की मुंबईत इंग्रजीचे उच्चार आडवे येतात, मुंबईत ते जमले की परदेशात तिथले उच्चार. धावणारा धावत राहतो, आणि क्लासची फी चालू राहते.

याला उत्तर अकोले तालुक्यातच, कोंभाळण्यात आहे. राहीबाई पोपेरे महादेव कोळी समाजाच्या, शाळेची पायरी कधी चढल्या नाहीत. संकरित बियाणं आणि त्याच्याबरोबर आलेली खतं-औषधं यांनी ताटातलं अन्न बिघडवलं, हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी वाल, घेवडा, भात, नाचणी अशा गावरान वाणांचं बी गोळा करायला सुरुवात केली, ते जपलं, बायकांना वाटलं. ‘बाएफ’ या संस्थेची साथ मिळाली, बियाणं बँक उभी राहिली, कळसूबाई परिसरातल्या बायका या कामात जोडल्या गेल्या. २०१८ मध्ये बीबीसीने जगातल्या शंभर महिलांच्या यादीत त्यांचं नाव घेतलं. २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. शास्त्रज्ञांसमोर, मंत्र्यांसमोर, हजारोंच्या सभेत त्या उभ्या राहतात त्या आपल्याच नऊवारीत, आणि बोलतात आपल्याच बोलीत. त्यांनी व्यक्तिमत्त्व विकासाचं शिबिर केलं असतं, तर पहिल्याच तासाला त्यांना पदर, उच्चार आणि हात हलवायची पद्धत सुधारायला सांगितली असती.

राहीबाईंच्या ताठ मानेचं कारण शोधायचं तर ते त्यांच्या कामात आहे. बियाण्याबद्दल बोलताना त्या स्वतःबद्दल विचारच करत नाहीत, कारण बोलण्यासारखं मोठं काहीतरी समोर असतं. सगळं लक्ष वाणावर असलं की आपण कसे दिसतो, हा प्रश्न मागे पडतो. ‘स्वतःवर प्रेम करा’ म्हणणारे माणसाला उलट स्वतःकडेच बघायला लावतात. ज्याला आपल्याकडे बघण्याचाच त्रास होतोय, त्याला आणखी एक आरसा देतात.

आणि भाषेची लाज काढणाऱ्यांना याच जिल्ह्यातलं नेवासं दाखवायला हवं. संन्याशाची पोरं म्हणून ज्या भावंडांना समाजाने बाहेर ठेवलं, शुद्धीपत्र मागायला लावलं अशी परंपरा सांगते, त्यांतल्या एकाने १२९० साली तिथे गीतेवरचं भाष्य सांगितलं, आणि ते संस्कृतात न सांगता लोकांच्या मराठीत सांगितलं. त्या काळच्या विद्वानांच्या लेखी मराठी ही तेव्हाची ‘पानी’ म्हणणारी भाषाच होती. ज्ञानेश्वर तिला सुधारायला बसले नाहीत. तिच्यातच त्यांनी ज्ञान उभं केलं, आणि मग सुधारायची वेळ विद्वानांवर आली.

चौथा दावा मात्र थेट आरोपच आहे: समाजाला दोष देणारा पळपुटा असतो. स्वतःत बदल करायचा सोडून तो व्यवस्थेकडे बोट दाखवतो. यावर नेवासे तालुक्यातल्याच शनिशिंगणापूरचं उदाहरण पुरे. तिथल्या चौथऱ्यावर चढायला बायकांना पिढ्यानपिढ्या मनाई होती. त्या काळात चौथऱ्याजवळ आलेली बाई चार हात लांब उभी राहायची, पदर सावरायची, वरून ओशाळायची. तिला कुणी विचारलं असतं, तर ‘मला संकोच वाटतो’ असंच ती म्हणाली असती. नियमाचं नाव तिने घेतलं नसतं. कारण चांगला मुरलेला नियम माणसाच्या आत जाऊन संकोच बनतो. नोव्हेंबर २०१५ मध्ये एक तरुणी चौथऱ्यावर चढली, तर देवाला दुधाचा अभिषेक करून शुद्धीकरण केलं गेलं. जानेवारी २०१६ मध्ये भूमाता ब्रिगेडचा मोर्चा निघाला, तो सुप्यात अडवला. १ एप्रिलला मुंबई उच्च न्यायालयाने १९५६ च्या मंदिर प्रवेश कायद्याची आठवण करून दिली, आणि ८ एप्रिलला, गुढीपाडव्याच्या दिवशी, देवस्थानाने चौथरा बायकांना खुला केला. ज्या बायका त्यानंतर तिथे गेल्या, त्यांच्यातल्या कितींनी आधी आत्मविश्वासाचा क्लास केला होता? नियम गेला आणि संकोचाच्या पायाखालची फरशी निघाली. ‘व्यवस्थेकडे बोट दाखवणाऱ्या’ बायकांनी ते काम काही महिन्यांत केलं. आरशासमोरच्या सरावाने ते शंभर वर्षांत झालं नसतं.

गावालाही न्यूनगंड असतो. नगर तालुक्यातलं हिवरे बाजार एकेकाळी दुष्काळ, दारू आणि भांडणं यांसाठी ओळखलं जायचं. तिथली बदली सरकारी नोकराला शिक्षेसारखी वाटे, असं गावकरीच सांगतात. १९८९ नंतर पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली गावाने पाणी अडवलं, शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी केली, उसासारख्या पाणीखाऊ पिकांना नकार दिला. विहिरींना पाणी राहिलं, बाहेर गेलेली कुटुंबं परतली. आज त्या गावचा माणूस गावाचं नाव अभिमानाने सांगतो. हा अभिमान भाषणाने आलेला नाही. तो पाण्याच्या पातळीबरोबर वर आला.

आता एक गंमत. न्यूनगंड हा शब्द ज्यांच्या सिद्धांतामुळे जगभर रूढ झाला, ते व्हिएन्नाचे डॉक्टर आल्फ्रेड ॲडलर. फ्रॉइडपासून ते १९११ मध्ये वेगळे झाले. आपले वक्ते त्यांचा अर्धा सिद्धांत घेऊन फिरतात: माणसाला कमीपणा वाटतो आणि तो त्यावर मात करू पाहतो. उरलेला अर्धा असा की, ही मात निरोगी आहे की नाही, हे ठरवणारी कसोटी ॲडलरनी सामाजिक आस्था मानली. दुसऱ्यांशी जोडलं जाणं आणि त्यांच्या उपयोगी पडणं हेच त्यांचं औषध होतं. पहिल्या महायुद्धानंतर त्यांनी व्हिएन्नात शाळांच्या साथीने बालमार्गदर्शन केंद्रं सुरू केली. मूल आलं की पालकांना बोलावलं जाई आणि शिक्षकही बसत. बुजऱ्या मुलाच्या भोवतालची मोठी माणसं कशी वागतात, हे समोर ठेवूनच बोलणं होई. न्यूनगंडाच्या सिद्धांताचा जनकच पालक-शिक्षकांना समोर बसवत होता. त्याच्या नावाने शिबिरं घेणारे मात्र फक्त मुलांना बसवतात.

इतकं झोडपल्यावर विरोधकांचं जे बरोबर आहे, तेही सांगायला हवं. जामखेडची मुलगी पुण्यात शिकायला जाते, फर्ग्युसन रस्त्यावरून चालते, तेव्हा तिथल्या गर्दीला तिच्याशी खरोखरच काही घेणं नसतं. गावातली नजर ती सवयीने सोबत घेऊन आलेली असते. तिथे कॉर्नेलचा प्रयोग तिच्या कामाचा आहे. ‘इथे कुणी बघत नाहीये’ हे वाक्य तिथे खरं आहे आणि तिला मोकळं करणारं आहे. तसंच काहींना चारचौघांत बोलायच्या कल्पनेनेच धडधड होते, घाम फुटतो, महिनोन् महिने वर्ग चुकतात. हा आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. जिल्हा रुग्णालयात विचारावं, केंद्र सरकारच्या ‘टेलीमानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. यात कमीपणा नाही. आणि समाज सुधारेपर्यंत हातावर हात ठेवून बसावं, असंही मी म्हणत नाही. राहीबाई बसल्या नाहीत, दया पवार बसले नाहीत. माझं म्हणणं इतकंच की, त्यांच्या धडपडीचा दाखला देऊन बाकीच्यांना आळशी ठरवू नका, आणि बघणाऱ्यांना माफी देऊ नका.

कारण शिबिरांत ही माफी रोज दिली जाते. ‘लोक काय म्हणतील, याकडे दुर्लक्ष करा’ असं सांगताना आपण ‘लोक’ नावाच्या मंडळींना एका शब्दाने विचारत नाही की, बाबांनो, तुम्ही असं का म्हणता? ते लोक काही कुठून बाहेरून आलेले नसतात. सभागृहात पहिल्या रांगेत तेच बसलेले असतात. वर्गात ‘शिष्यवृत्तीवाल्यांनी हात वर करा’ असं ओरडणारे सर, स्नेहसंमेलनात जाड मुलीला भीमाचं काम देऊन हशा मिळवणाऱ्या बाई, मुलाच्या अडखळण्याची नक्कल पाहुण्यांसमोर करून दाखवणारा काका, सावळ्या पुतणीला बेसन-हळद लावायचा सल्ला देणारी आत्या, आणि वरातीत घोड्यावर बसलेला नवरदेव कोणत्या जातीचा हे आधी विचारणारा पारावरचा पुढारी. संकोच तयार करण्याचा कारखाना हेच चालवतात आणि वर्षातून एकदा संकोच घालवायला वक्ता बोलावतात. मानधनही तेच देतात.

म्हणून जिल्ह्यातल्या मुख्याध्यापकांना, प्राचार्यांना आणि व्याख्यानमाला भरवणाऱ्या मंडळांना एक विनंती. येत्या वर्षी मुलांचं आत्मविश्वास शिबिर रद्द करा आणि त्याच पैशात शिक्षकांचं आणि पालकांचं शिबिर घ्या. शिष्यवृत्तीची यादी मोठ्याने वाचू नका. मुलाला एकट्याला बोलावून कागद द्या. मुलाच्या बोलीवर वर्गात कुणी हसलं तर शुद्धलेखन हसणाऱ्याला द्या. स्नेहसंमेलनात रंगावर, अंगावर, आडनावावर बेतलेला एकही विनोद मंचावर जाणार नाही, असं ठरवा आणि पाळा. सरपंचांनी ग्रामसभेत सांगावं की, आपल्या गावात पोराला आधी नाव विचारायचं, ‘कुणाचा’ हे नाही. आणि लग्नाचा बायोडेटा छापणाऱ्यांनी तो ‘वर्ण’ नावाचा रकाना काढून टाकावा. त्याला ना खर्च आहे, ना कायदा लागतो.

एवढं केल्यावरही एखादं मूल मागच्या बाकावर मान खाली घालून बसलेलं दिसलं, तर मग त्याच्या मनाकडे बघा. तोवर, मुलांनो आणि मुलींनो, तुमचा संकोच हा तुमचा गुन्हा नाही. तो तुमच्यावर लादलेला आहे, आणि लादणाऱ्यांनीच तो उचलून न्यायचा आहे.